आपलं गाव आपणच दाखवूया

खंडाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोणावळ्याशेजारचा खंडाळा आठवतो. घाट, धबधबे आणि चिक्की. आपला खंडाळा म्हणजे पारगाव-खंडाळा, सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. पुण्याकडून नीरा नदी ओलांडली की शिरवळ, मग खंडाळा, मग खंबाटकीचा घाट. महामार्गावरून गाड्यांची रीघ दिवसरात्र चालू असते. त्यातल्या फार थोड्या थांबतात, आणि त्याही चहा-नाश्त्यापुरत्या. माणसं साताऱ्याला, महाबळेश्वरला, कोल्हापूरला निघालेली असतात. आपला तालुका त्यांच्या वाटेवर आहे, पण मुक्कामाच्या यादीत नाही.

आजचा विषय तोच. यातल्या मोजक्या पाहुण्यांना अर्धा दिवस थांबवायचं, आपणच त्यांना आपलं गाव दाखवायचं आणि त्यातून बचत गटाला चार पैसे मिळवायचे. हे कसं जमेल ते पाहू.

गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “आपल्या गावात बघण्यासारखं काय आहे?” हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारायचा. आपल्याला असं काय माहीत आहे, जे बाहेरच्या माणसाला मोबाइलवर सापडणार नाही?

नायगावचं उदाहरण घेऊ. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले तिथे जन्मल्या, वडील खंडोजी नेवसे पाटील, ही माहिती शाळेतल्या पोरीलाही पाठ असते. जन्मघर आहे, स्मारक आहे, शाळांच्या सहली येतात. मुलं रांगेत फिरतात, फोटो काढतात आणि तासाभरात बसमध्ये बसतात. जयंतीच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. मात्र सावित्रीबाई लग्नानंतरही या माहेरी येत होत्या, इथून जोतीरावांना पत्रं लिहीत होत्या, हे किती जण ऐकून जातात?

त्यांच्या समग्र वाङ्मयात 29 ऑगस्ट 1868 चं एक पत्र आहे. लिहिल्याचं ठिकाण नायगाव, पेटा खंडाळा. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पोथी-पंचांग घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचं शारजा नावाच्या महार मुलीवर प्रेम जडलं आणि तिला दिवस गेले. गावकऱ्यांनी दोघांची धिंड काढली, त्यांना ठार मारायची तयारी केली. सावित्रीबाई मध्ये पडल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी दोघांचे जीव वाचवले आणि त्यांना जोतीरावांकडे धाडलं. शिकवणारी बाई एवढीच त्यांची ओळख असलेल्या पाहुण्याला हे पत्र वेगळ्याच सावित्रीबाई दाखवतं.

इथे एक अवघड गोष्ट येते. हे सांगायचं ठरलं की कुणीतरी म्हणतंच, “कशाला जुनं उकरता? गावाची बदनामी होते.” आम्हाला वाटतं, हे सांगितलंच पाहिजे. गावातल्या माणसांनी केलेलं वाईट आणि गावाच्याच लेकीनं केलेलं चांगलं, दोन्ही आपलं आहे. बाहेरचा गाइड हे सांगेल तेव्हा ती नुसती माहिती असेल. गावातली बाई त्याच मातीत उभी राहून सांगेल तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहील, की आज असं झालं तर मध्ये कोण पडेल? आपली फेरी वेगळी ठरेल ती अशा बोलण्यामुळे.

दुसरा प्रश्न पैशाचा. सावित्रीबाईंच्या नावावर पैसे घ्यायचे का? घ्यायचे नाहीत. स्मारक सगळ्यांचं आहे. जो येईल त्यानं बघावं, नमस्कार करावा आणि जावं. आपण पैसे घेतो ते आपल्या वेळेचे, आपल्या हातच्या जेवणाचे आणि आपल्या माहितीचे. हा फरक गावाला आणि पाहुण्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा, म्हणजे पुढे तोंड लपवावं लागत नाही.

लोक खरंच पैसे देऊन असं बघायला येतात का? येतात. आपल्याच जिल्ह्यातलं भिलार घ्या. स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जाणारं हे गाव 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवातीला 25 ठिकाणी पुस्तकं ठेवली, त्यात गावकऱ्यांची राहती घरंही होती. पाहुणा घरात येऊन वाचत बसतो, जेवणाखाण्याची सोय गावातच होते. न्यूयॉर्कसारख्या शहरात 1992 पासून तिथले रहिवासी पाहुण्यांना आपापली गल्ली हिंडवून दाखवतात, तेही मोफत. मोठमोठ्या इमारती तिथे कमी आहेत का? तरीही पाहुण्याला तिथे राहणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं.

आता फेरी कशी बांधायची ते बघू. तीन-चार तासांत होईल एवढीच ठेवा आणि तिला एकच धागा द्या. एक फेरी सावित्रीबाईंच्या माहेराची. दुसरी शिरवळची, म्हणजे तिथली बौद्ध लेणी आणि नीरेकाठचा सुभानमंगळ. 1648 मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी सुभानमंगळावर हल्ला केला होता. तिसरी लोणंदची. कांद्याचा बाजार, लिलाव कसा बोलला जातो, भाव कुणाच्या हातात असतो, हे शेतकरीण बाईइतकं नीट कोण सांगणार? माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते आणि लोणंदला विसावते, तो सोहळाही तिथलाच. पालखीच्या दिवसांत मात्र फेरी ठेवू नका. तेव्हा वारकऱ्यांची सेवा करायची असते. 3 जानेवारीलाही नको.

सगळं एकाच दिवसात कोंबलं तर पाहुणा दमतो आणि घरी जाऊन त्याला काहीच आठवत नाही.

हिशेबाकडे वळू. समजा, माणशी 350 रुपये ठेवले. जेवणाचे 120 आणि चहा-नाश्त्याचे 30, असा माणशी 150 खर्च. माणशी 35 रुपये गटाच्या फंडात. म्हणजे प्रत्येक पाहुण्यामागे 165 उरले. आता ठरलेला खर्च : दोन गाइड ताईंना 500 प्रमाणे 1000, आणि फोन, प्रथमोपचार, पाणी यांचे 150. एकूण 1150. सात पाहुणे आले तर 165 गुणिले 7, म्हणजे 1155. पदरचं काही जात नाही, एवढंच. पाच आले तर 325 रुपये खिशातून जातील. बारा आले तर 830 रुपये शिल्लक राहतील, आणि जेवण करणाऱ्या ताईंचं काम झालं ते वेगळं. म्हणून सातच्या खाली नोंदणी असेल तर फेरी पुढच्या रविवारी ढकला. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित कागदावर मांडल्याशिवाय दर सांगू नका. निम्मे पैसे आगाऊ घ्या. ते गटाच्या खात्यातच यावेत, कुणाच्या वैयक्तिक मोबाइलवर नकोत. गट मोडतात ते कामावरून नाही, हिशेबावरून.

कागदपत्रांचं ओझं फार नाही. उद्यम नोंदणी फुकट होते. तुमच्याकडे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जेवण विकणार असाल तर अन्न सुरक्षा खात्याची छोट्या व्यवसायासाठीची नोंदणी करा. ग्रामपंचायतीला लेखी कळवा. संरक्षित लेणी किंवा किल्ल्यावर गाइडचं काम करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याचे नियम आधी विचारून घ्या. राज्याच्या पर्यटन विभागानं 2023 मध्ये ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. स्त्रियांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळण्याची सोय त्यात आहे. पण आमचा सल्ला असा, की पहिल्या वर्षी कर्जाच्या वाटेला जाऊ नका. या धंद्याला भांडवल लागतं ते पायांचं आणि जिभेचं. आधी दहा फेऱ्या करा, मग खोल्या बांधायचं बघू.

काही नियम मात्र गटानं ठराव करून वहीत लिहावेत. गाइड ताई कधीही एकटी जाणार नाही, दोघी असतील. पाहुण्यांची नावं आणि फोन नंबर आदल्या दिवशी गटाकडे असतील. दारू पिऊन आलेल्याला पैसे परत करून तिथूनच वाटेला लावायचं. कुणाच्या घरात, चुलीपाशी, गोठ्यात जायचं तर घरधनिणीला आधी विचारायचं आणि तिलाही मोबदला द्यायचा. लहान मुलांचे आणि कुणाच्या गरिबीचे फोटो काढू द्यायचे नाहीत. पाहुणे गाव बघायला येतात, आपण गाव विकायला काढलेलं नाही.

आता शेवटची अडचण, आणि खरं तर तीच पहिली. “बाईमाणसानं परक्या लोकांना घेऊन गावभर हिंडायचं?” हे घरात ऐकावं लागतं, पारावर ऐकावं लागतं. आम्ही गटांत फिरतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लग्न होऊन पंधरा वर्षं झालेल्या सुनेला गावाची एकच वाट माहीत असते : घर, रान, दळण, पाणी. गावाची वेस कुठे, जुना वाडा कुणाचा, वीरगळ कुठे पडला आहे, हे तिला कुणी कधी दाखवलेलंच नसतं. सावित्रीबाईंचा तालुका म्हणून आपण अभिमानानं सांगतो आणि त्याच तालुक्यातली बाई पाराजवळून जाताना मान खाली घालून जाते.

म्हणून पहिली फेरी पाहुण्यांसाठी काढूच नका. ती गटातल्या बायकांसाठी काढा, सोबत सासवांना आणि शाळेतल्या पोरींनाही घ्या. म्हाताऱ्या आजींना पुढे घाला. कुठली विहीर कुणासाठी बंद होती, दुष्काळात पाणी कुठून आणायचं, जात्यावर काय गायचं, हे त्यांना सांगू द्या. एकीनं वहीत टिपून घ्या. दोन आजींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा आणि पुस्तकातून, शाळेतल्या सरांकडून, बाईंकडून ताडून बघा. ऐकीव असेल ते ऐकीव म्हणूनच सांगायचं. अशा तीन फेऱ्या झाल्या की तुमचं गाव तुमच्या तोंडी बसेल, आणि गावालाही तुम्हाला रस्त्यावर मोठ्यानं बोलताना बघायची सवय होईल.

पुढच्या मासिक बैठकीत बचत आणि कर्जफेडीचा विषय संपला की हा एक विषय घ्या. प्रत्येकीनं आपल्या गावातली एकच जागा सांगायची आणि ती आपल्याला का ठाऊक आहे तेही सांगायचं. दहा जणींच्या दहा जागा झाल्या की फेरी तयार झालीच. त्या जागांची यादी आमच्याकडे धाडा. पहिल्या फेरीला आम्हीही चालायला येऊ.