एका फेजवर तीन फेजची मोटार : खेड्यातील दुरुस्तीच्या कार्यशाळेसाठी

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वापसा आला म्हणजे नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीनच्या पेरणीसाठी हाती राहतात ते दिवस मोजकेच. ह्याच दिवसांत पेरणी यंत्राच्या आसाचे बुश झिजते, नाही तर रुंद वरंबा-सरी यंत्राच्या फणाचा बोल्ट तुटतो. बोल्ट हरभऱ्याएवढ्या किमतीचा. पण तो बदलून आणण्यासाठी तालुक्याच्या गावी जाऊन येण्यात एक दिवस मोडतो आणि तेथे गर्दी असली तर दोन. तेवढ्यात वापसा निघून जातो. म्हणून गावात एखादा लेथ, एक ड्रिल यंत्र आणि धार लावण्याचे ग्राइंडर असणे ही चैन नव्हे, ती पेरणीच्या तयारीचीच बाब होय.

अडचण पुढे येते ती विजेची. जुन्या बाजारात मिळणारे लेथ, मग ते हरिहरचे असोत, बटाल्याचे असोत वा राजकोटचे असोत, बहुधा थ्री-फेज मोटारीसह येतात. आणि ज्या घराच्या पडवीत ते मांडायचे तेथे वीज असते सिंगल फेज. शेतातील आखाड्यावर कार्यशाळा थाटली तर शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज असते खरी, परंतु ती पाळीपाळीने येते आणि गिऱ्हाइकाची निकड पाळी पाहून येत नाही.

अहमदपूर तालुक्यातील एका गावी दोन वर्षांपूर्वी मला हाच प्रश्न एका तरुणाने विचारला. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या लोहारकाम चालत आलेले. वडील भात्यावर फाळ पाजवीत. मुलाने दोन अश्वशक्तीची मोटार असलेला जुना लेथ आणला होता. "साहेब, पाण्याच्या मोटारीला कंडेन्सर लावून लोक सिंगल फेजवर चालवितात, तसे ह्याला लावू का?" मी त्या वेळी विशेष विचार न करता म्हणालो, "लावून पाहा." त्याने पंपाचा जुना कंडेन्सर जोडला. मोटार फिरली. तिसऱ्या दिवशी, ऐन पेरणीत, तिच्यातून धूर निघाला. मोटार भरून आणण्यास गेलेले आठ दिवस त्याच्या पदरी आले ते माझ्या अर्धवट सल्ल्यामुळे. त्यानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एका जाणकार निदेशकांकडे बसून मी हा विषय समजून घेतला. जे समजले ते येथे देत आहे.

चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक एकाच माणसाने पुढे-मागे ढकलले तर ते जागच्या जागी झुलते. तिघांनी चाकाभोवती उभे राहून एकामागून एक आऱ्यांना हात घातला तर चाक फिरते. थ्री-फेज मोटारीत नेमके हेच घडते. तीन तारांतील वीज एकाच वेळी शिगेला पोहोचत नाही. प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा एक-तृतीयांश फेऱ्याने मागे असते. त्यामुळे मोटारीच्या पोटात चुंबकत्वाचे एक फिरते क्षेत्र तयार होते आणि त्याच्या मागोमाग आतील दांडा फिरतो. आपल्याकडील ५० फेऱ्यांच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटास १५०० वेळा फिरते, आणि दांडा त्याहून थोडा मागे, म्हणजे १४४०च्या आसपास राहतो. सिंगल फेजमध्ये हे क्षेत्र फिरत नाही. ते नुसते फुगते आणि ओसरते. म्हणून थ्री-फेज मोटार तशीच सिंगल फेजवर जोडली तर ती घुमते, जागची हलत नाही, आणि नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढून काही क्षणांत तापते.

दोरी गुंडाळून दांड्याला हिसका दिला तर मात्र ती हिसका दिलेल्या दिशेने फिरू लागते. एकदा फिरू लागलेली मोटार उरलेल्या तिसऱ्या टोकावर स्वतःच वीज निर्माण करते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडणार आहे. दोरीचा हिसका देण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. दोरी हातात अडकून बोटे गेल्याची उदाहरणे खेडोपाडी आहेत.

आता त्या तरुणाची मोटार जळाली का? मोटारीच्या नामपट्टीवर ती ४१५ व्होल्टवर स्टार जोडणीत चालवावी असे लिहिलेले होते. घरात आहेत २३० व्होल्ट. दाब पाऊणपटही नाही, जवळजवळ अर्ध्यावर आलेला. आणि मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे तो तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली गेला. लेथवर लोखंडाचा काप घेताना मोटार मंदावे, जास्त प्रवाह ओढी, आणि वेटोळ्यांवरील वार्निश करपत जाई. कंडेन्सरचे मापही पंपाचे, त्या मोटारीचे नव्हे.

हीच मोटार डेल्टा जोडणीत घेतली तर तिच्या प्रत्येक वेटोळ्याला २३० व्होल्ट मिळतात आणि तेवढाच दाब तिला हवा असतो. म्हणून पहिले काम नामपट्टी वाचण्याचे. तीवर २४०/४१५ असे दोन आकडे व डेल्टा-स्टार अशा खुणा असतील, आणि जोडणीच्या पेटीत सहा टोके असतील, तर पट्ट्या बदलून डेल्टा करता येते. पुष्कळ लहान मोटारींत तीनच टोके बाहेर असतात; स्टारची गाठ आत बांधलेली असते. अशी मोटार भरण्यास गेलीच असेल तर मोटार भरणाऱ्यास सहाही टोके बाहेर काढून देण्यास सांगावे. त्यास फारसा जास्त खर्च येत नाही. आमच्या तरुणाने हेच केले. मोठ्या, सुमारे ३ अश्वशक्तीपासून पुढच्या मोटारी मात्र बहुधा ४१५ व्होल्टवरच डेल्टा असतात. त्यांना घरातील २३० व्होल्ट कोणत्याही जोडणीने पुरत नाहीत.

डेल्टा केल्यावर कंडेन्सरचा हिशेब लागतो. २३० व्होल्टवर दर किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे एका अश्वशक्तीस ५० च्या आसपास; कंडेन्सर निदान ४४० व्होल्ट एसीचा आणि सतत चालण्याच्या जातीचा असावा. सुरुवातीस आणखी एक-दोन पट कंडेन्सर क्षणभर लागतो आणि वेग येताच तो सुटला पाहिजे. एवढे करूनही मोटारीकडून तिच्या शक्तीच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांशच काम घ्यावे. पिठाच्या गिरणीसारख्या एकसारख्या भाराला ही युक्ती चालून जाते. लेथवर भार घटकेघटकेला बदलतो. काप घेताना एक माप योग्य, तर रिकामे फिरताना तेच माप जास्त होऊन उलट मोटार तापते. लेथला कंडेन्सर लावू नये असे माझे मत त्या जळालेल्या मोटारीने कायमचे करून टाकले आहे.

दुसरा मार्ग आहे तो वर सांगितलेल्या दोरीच्या गमतीतून निघालेला. एक थ्री-फेज मोटार, चालवावयाच्या सर्वांत मोठ्या मोटारीच्या निदान दीडपट, रिकामीच फिरत ठेवावयाची आणि तिच्या तिसऱ्या टोकावरील वीज दुसऱ्या यंत्रांना द्यावयाची. हंगेरीत कांडो ह्या अभियंत्याने आगगाडीच्या इंजिनात फिरता फेज-बदलक बसवून हेच तत्त्व वापरले होते : वरची तार एकच, चाकाची मोटार बहुफेजी. चार-पाच यंत्रे असलेल्या कार्यशाळेस ही पद्धत सोयीची. पण घरात तिचा आवाज सतत राहतो, रिकामी मोटारही वीज खातेच, आणि यंत्रांच्या साऱ्या मोटारी २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीत आणाव्या लागतात.

तिसरा मार्ग व्हीएफडी, म्हणजे ज्यास बाजारात नुसते 'ड्राइव्ह' म्हणतात त्या पेटीचा. ही पेटी सिंगल फेज वीज घेऊन तिची प्रथम एकदिश वीज करते आणि मग तीतून तीन फेज घडविते. ही वस्तू आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. एसी मोटार असलेल्या सौर पंपाच्या खांबावरील नियंत्रक हे त्याच घराण्यातले यंत्र होय. ते सूर्यपत्र्यांच्या एकदिश विजेपासून तीन फेज करते. २०२५ साली मुंबईहून नांदेडपर्यंत येऊ लागलेली वंदे भारत गाडी २५,००० व्होल्टच्या एकाच तारेवरून सिंगल फेज वीज घेते आणि चाकांच्या थ्री-फेज मोटारींना असेच रूपांतर करून पुरविते. तात्पर्य, गाडीत जे भरवशाचे ठरले आहे ते पडवीतही चालेल. मात्र सौर पंपाचा साधा नियंत्रक काढून लेथला लावू नये. तो त्या कामासाठी दिलेला नाही. गिरणी वा कडबाकुट्टी चालविण्यास जे सर्वकामी नियंत्रक असतात ते निराळे.

सुमारे ३ अश्वशक्तीपर्यंत सिंगल फेजवर चालणारे ड्राइव्ह सहज मिळतात. दोन अश्वशक्तीचा ड्राइव्ह पूर्ण भारावर १२ ते १४ ॲम्पिअर घेतो. तेव्हा घरातील लहान प्लगावर तो लावू नये. मीटरपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि उत्तम अर्थिंग हवे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. आपल्या काळ्या जमिनीत भेगा पडतात तेव्हा तर अधिकच. त्यात अधूनमधून पाणी घालण्याचे काम घरातील एकाने अंगावर घ्यावे. चालू मोटार व ड्राइव्ह ह्यांच्या मधले बटण बंद-चालू करू नये; सुरू करणे व थांबविणे ड्राइव्हच्याच बटणाने करावे. आणि शेतकऱ्यास विशेष सांगावयाचे ते हे की, पंपाला कंडेन्सर लावण्याची आपली चांगली सवय येथे घातक आहे : ड्राइव्हच्या पुढे, मोटारीच्या बाजूस, कंडेन्सर कदापि जोडू नये. त्याने ड्राइव्हच जातो. वीज बंद केल्यावरही पेटीत काही मिनिटे भार साठून असतो. झाकण लगेच उघडू नये. ड्राइव्हने वेग कमी करता येतो ही सोय लेथवर मोलाची आहे, तथापि फार मंद वेगात मोटारीचा स्वतःचा पंखाही मंद होतो, म्हणून तसे फार वेळ चालवू नये.

इतके सारे लिहिले, तरी एक साधी गोष्ट विसरू नये. यंत्र एकच असेल, त्यास एक अश्वशक्ती पुरत असेल आणि ते पट्ट्यावर चालत असेल, तर थ्री-फेज मोटार काढून सिंगल फेजची बसविणे हेच शहाणपणाचे. ड्रिल व ग्राइंडर यांना तर दुसरे काही करण्याची गरजच पडत नाही.

आमच्या ग्रामस्तरावरील सहकाऱ्यांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. कार्यशाळा घरगुती मीटरवर किंवा शेतीपंपाच्या जोडणीवर चालविणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो आणि तसे ठरल्यास आकारणी दुप्पट दराने होते. माणूस चांगल्या हेतूने काम सुरू करतो आणि पहिल्याच तपासणीत बुडतो. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी वीज कार्यालयात जाऊन योग्य वर्गाची जोडणी मागावी. गावठाणाची वाहिनी शेतीपासून निराळी झाली असेल व डीपीवर तीनही फेज असतील, तर थ्री-फेज जोडणीचाच अर्ज करावा. मग वरील खटाटोपच टळतो. शेतावर सिंगल फेजच्या वेळी कंडेन्सर लावून पंप चालविणाऱ्यांबद्दलही येथेच लिहितो. सर्वांचा भार एकाच फेजवर पडतो, गावातील दिवे मंद होतात आणि डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत ज्याने कंडेन्सर लावला नाही त्याचेही पीक वाळते.

तो तरुण आता ड्राइव्हवर लेथ चालवितो. गेल्या मृगात त्याच्या पडवीत एका संध्याकाळी पेरणी यंत्राची पाच बुशे मी मोजली. एक तर शेजारच्या गावाहून मोटारसायकलवर आले होते. वडिलांनी भाता अजून मोडलेला नाही, फाळ ते त्यावरच पाजवितात. मुलास आता वेल्डिंगचे मोठे यंत्र हवे आहे आणि ते ड्राइव्हवर चालणारे नाही. गावठाणाच्या डीपीवर तीन फेज आहेत की नाहीत हे पाहण्यास आम्ही दोघे खांबापर्यंत जाऊन आलो. तारा चार दिसल्या. अर्ज त्याने दिला आहे.