स्वमग्नतेचे निदान मालकास सांगावे काय?



बुलढाणा जिल्ह्यातील काही ख्रिस्ती कुटुंबांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. मुलगा वा मुलगी शिकून नोकरीच्या उंबरठ्यावर उभी आहे. डॉक्टरांनी स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे निदान केलेले आहे. ते मालकास सांगावे काय? खामगाव, मलकापूर किंवा चिखलीसारख्या गावांत एकाच्या कानी घातलेली गोष्ट सायंकाळपर्यंत सर्वतोमुखी होते आणि पुढे घरातील लग्न ठरवितानाही आड येते. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही.

प्रथम सद्सद्विवेकबुद्धीचा विचार करू. न सांगणे हे पाप आहे काय? नाही. मौन म्हणजे असत्य नव्हे. ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणीही बांधील नाही, असे कॅथोलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये (परिच्छेद २४८९) स्पष्ट केले आहे. मात्र खोटे लिहिण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तसेच कामाच्या स्वरूपामुळे इतरांच्या जिवाला धोका संभवत असेल, तर बोलणे हेच कर्तव्य ठरते.

आता कायद्याकडे वळू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शासकीय आस्थापनांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अर्थात आरक्षण हवे असेल, तर निदान सांगावेच लागते.

खासगी नोकरीत मात्र विचारपूर्वक निवड करता येते. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे असे कायदा सांगतो. ते आहे काय, हे आधी पाहावे. जिनिंगच्या कारखान्यातील गोंगाट सहन न होणे, अचानक बदललेल्या पाळीने गोंधळून जाणे, तोंडी सूचना निसटणे अशा अडचणी असतील, तर निदानाचे नाव न घेताही गरज सांगता येते. ‘सूचना लिहून दिल्यास माझे काम बिनचूक होते’, एवढे वाक्य कित्येकदा पुरते. परंतु तेव्हा मिळणारी सवलत ही मालकाची सदिच्छा असते. ती हक्क म्हणून मागायची, तर निदान सांगणे आवश्यक होते; जे मालकाला ठाऊकच नाही, त्याची सोय न केल्याचा दोष त्याला कसा द्यावा? सांगायचे ठरल्यास ज्याच्या हाती निर्णय आहे त्यालाच, शक्यतो लेखी सांगावे, आणि ही माहिती इतरांना कळू नये, असेही त्यात नमूद करावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस आग्रहाने सांगावीशी वाटते. हा निर्णय त्या तरुणाचा किंवा तरुणीचा आहे. आईवडिलांनी सोबत बसून विचार करावा. पण त्याच्या नकळत मालकाशी बोलू नये. हाच नियम आम्हां धर्मगुरूंनाही लागू आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या विश्वपत्रात दिव्यांगांच्या कामाच्या हक्काचा कैवार घेतला. स्वमग्न व्यक्तींभोवतीचा एकाकीपणा व कलंक दूर करावा, असे आवाहन पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये केले. आपल्यापैकी जे दुकान, कारखाना वा शाळा चालवितात, त्यांनी हे आवाहन स्वतःला उद्देशून आहे असे समजावे. कोणी विश्वासाने काही सांगितले, तर ते आपल्यापाशीच ठेवावे आणि काय केले असता तुझे काम सुकर होईल, एवढेच विचारावे. असे मालक वाढतील, तेव्हा ‘सांगावे काय’ या प्रश्नाचे ओझे आपोआप हलके होईल.