सरळ धावणारी गाडी अलाइनमेंटची खात्री देत नाही

तोक्योतल्या तोयोसुशेजारी, शिनोनोमेत, ऑटोबॅक्सचं गाड्यांच्या सुट्या भागांचं मोठं दुकान आहे. तिथे स्पोर्ट्स कारसाठी महागडे सुटे भाग घेण्याआधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि एकसारख्या चार टायरांवर पैसे खर्चावेत, असं माझं ठाम मत आहे. टायरांनी किती फरक पडतो, यासाठी २०१२ ची टोयोटा ८६ पाहा: कंपनीने तिला मुद्दाम कमी पकडीचे मिशलिन प्रायमसी टायर दिले आणि त्यातूनच तिचा खेळकर स्वभाव घडला.

‘गाडी सरळ धावते, मग अलाइनमेंट कशाला?’ असं कुणी विचारेल. पण पुढच्या दोन्ही चाकांचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, सारखाच चुकला, तरी गाडी सरळच जाते. टायरची कड मात्र झिजते आणि वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद बिघडतो. ‘झिजलेले दोनच बदलू’ हेही चालेल, पण मॉडेल तेच हवं आणि नवी जोडी मागे बसवावी. मागचे टायर आधी घसरले, तर गाडी गरकन फिरते.