भाताचे पोषणमूल्य : साधा भात व मसाल्याचे भातप्रकार

भाताचे पोषणमूल्य मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : साळ किती सडली आहे, तांदूळ कोणत्या रीतीने शिजविला आहे आणि त्यात कोणते पदार्थ मिसळले आहेत. असडीक तांदळाचा साधा भात आणि मसालेभात, पुलाव, खिचडी यांसारखे प्रकार यांची तुलना करताना या तिन्हींचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

साळीचे केवळ तूस काढले असता असडीक तांदूळ मिळतो. त्याचा कोंड्याचा थर व अंकुर शाबूत असतात. हातसडीत त्यांचा काही भाग, तर गिरणीत पॉलिश करताना बहुतेक सर्व भाग निघून जातो. १०० ग्रॅ. असडीक तांदळात सु. ०·४ मिग्रॅ. थायामीन (ब१ जीवनसत्त्व) असते. पॉलिश केल्यावर ते सु. ०·०७ मिग्रॅ. उरते. तंतू, निॲसीन व मॅग्नेशियम हेही घटतात. ऊर्जा (सु. ३५० किलोकॅलरी) व प्रथिने (सु. ७ ग्रॅ.) यांत मात्र फारसा फरक पडत नाही. जावा बेटात पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार होतो व असडीक तांदळाने त्या बऱ्या होतात, असे क्रिस्तीआन आइकमान यांना १८९० नंतरच्या दशकात आढळले. या कार्याबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. उकड्या तांदळात साळ भिजवून वाफविल्यामुळे कोंड्यातील थायामीन दाण्यात उतरते व सडल्यानंतरही बरेचसे टिकते. तांदूळ फार चोळून धुतल्यास किंवा भाताचे पाणी ओतून दिल्यास ब गटातील जीवनसत्त्वे वाया जातात. कोकणातील पेजेत ती राखली जातात.

जिरे, हळद, लवंग इ. मसाले अल्प प्रमाणात वापरले जात असल्याने त्यांचा प्रत्यक्ष पोषणातील वाटा थोडा असतो. ते मुख्यतः रुची वाढवितात. तेल-तुपाचा परिणाम मोठा असतो : १० ग्रॅ. तेलाने ९० किलोकॅलरी वाढतात. मिठाचे प्रमाणही वाढते. प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅ.पेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

खरी भर पडते ती डाळ, भाज्या व दही यांमुळे. तांदळाच्या प्रथिनात लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते, तर डाळीत ते विपुल असते. डाळीतील मिथिओनिनाची उणीव तांदूळ भरून काढतो. ७५ ग्रॅ. तांदूळ व २५ ग्रॅ. मूगडाळ यांच्या खिचडीत सु. ११ ग्रॅ. प्रथिने मिळतात, १०० ग्रॅ. नुसत्या तांदळात ती सु. ७ ग्रॅ. असतात. वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण सुधारते. कोंड्यातील फायटिक अम्ल हे शोषण कमी करीत असल्याने असडीक तांदळाच्या भाताबरोबर लिंबू विशेष उपयुक्त ठरते.

सारांश, कोंड्याबरोबर गेलेली सत्त्वे फोडणीने परत येत नाहीत आणि प्रथिनांची उणीव केवळ असडीक तांदळाने भरून निघत नाही. असडीक, हातसडीचा किंवा उकडा तांदूळ, डाळ व भाजी यांची बेताच्या तेल-मिठाची खिचडी पोषणाच्या दृष्टीने नुसत्या साध्या भातापेक्षा व तुपाने थबथबलेल्या पुलावापेक्षा सरस ठरते. असडीक तांदूळ शिजण्यास अधिक वेळ लागतो, म्हणून तो आधी भिजवितात. कोंड्यातील तेल खवट होत असल्याने त्याचा साठाही फार दिवस करीत नाहीत.