पत कुणाच्या वहीत?

आमचा कळवण तालुका कांद्याचा. पीक विकून पैसा हाती येईपर्यंत शेतकऱ्याचा संसार पतीवर चालतो. ही पत पूर्वी सावकाराच्या वहीत असे आणि तिथे काय लिहिले आहे, हे कुणब्याला कळत नसे. 1875 साली सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले. पुढे 1879 च्या कायद्याने सावकाराला पावती आणि हिशेब देणे भाग पडले.

आता ती वही संगणकात गेली आहे. माझ्या एका शेजाऱ्याने ट्रॅक्टरचे कर्ज पै न् पै फेडले, बेबाकी दाखलाही घेतला. तरी नोंदीत ते थकीतच राहिले. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेला, तेव्हा हे उघड झाले!

पतमाहिती कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारा 2005 चा कायदा अशी चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क देतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2017 पासून या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. एप्रिल 2024 पासून तर तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

पण वाचकहो, हा अहवाल आपणहून घरी येत नाही, मागावा लागतो. सातबारा आपण जसा अधूनमधून काढून पाहतो, तशीच ही नोंदही पाहावी, असे मला वाटते. तीही कर्जाची गरज पडण्याआधी.