लस बाळाला, प्रश्न आईला

सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात बाळाला लस टोचावयाची असते. घरात मार खाणाऱ्या कित्येक स्त्रियांना निर्वेधपणे बाहेर पडता येते ते याच निमित्ताने. बाळाचे वजन होते, कार्डावर नोंद होते. आईच्या मनगटावरील वळ मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहितांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. तेव्हा आईने आपणहून बोलावे, ही अपेक्षाच फोल होय. विचारणाऱ्यानेच पुढे आले पाहिजे.

तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रत्येकीला सरसकट विचारण्याची शिफारस केली नाही. लक्षणे दिसताच विचारावे, तेही एकांतात, असा तिचा सल्ला आहे. यातील सावधगिरी रास्त आहे. शेजारी सासू बसली असता विचारलेला प्रश्न घरी गेल्यावर नवा मार ओढवू शकतो. आणि उत्तर मिळूनही पुढे आधार नसेल, तर तो प्रश्न म्हणजे क्रूर चौकशीच ठरेल.

असा आधार उभारणे अशक्य नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००-०१ च्या सुमारास मुंबई महापालिका व 'सेहत' संस्था यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केले. तेथे रुग्णालयाच्या आवारातच समुपदेशन मिळू लागले.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. एक आडोशाची खोली, एक प्रशिक्षित परिचारिका आणि पुढे पाठविण्याचे एक निश्चित ठिकाण, एवढे झाल्यावरच प्रश्न विचारावा. पण मग तो अवश्य विचारावा.