घराचं काम आणि पालिकेचे साहेब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामतीच्या कसब्यात असो की इंदापूरच्या जुन्या गावठाणात, धाब्याचं घर उतरवून स्लॅब टाकायला घेतला की दारात पालिकेचे अभियंता टेप घेऊन उभे राहतात. ‘गॅलरी नकाशापेक्षा पुढे आलीय, काम थांबवा,’ असं ते म्हणतात आणि वाद सुरू होतो. हा वाद आवाज चढवून सुटत नाही. तो कागदावर आणि मुदतीत सुटतो.

गैरसमज : घर आपलं, मग परवानगी कशाला?
वस्तुस्थिती : हे अर्धंच खरं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार निव्वळ आतल्या किंवा बाह्य स्वरूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. फरशी, गिलावा, रंग खुशाल करा. वाढीव खोली, मजला किंवा गॅलरी काढायची तर मात्र परवानगी हवीच.

गैरसमज : साहेब ‘नाही’ म्हणाले, विषय संपला.
वस्तुस्थिती : जागेवर येणारा कर्मचारी पाहणी करून अहवाल देतो. निर्णय पालिकेचा असतो आणि तो लेखी असावा लागतो. त्यामुळे तोंडी होकारालाही अर्थ नाही. बांधकामांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतला कोणता नियम मोडला, ते लेखी मागा. आपला खुलासा आवक विभागात द्या आणि स्थळप्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. परवानगी नाकारली, तर कलम 47 नुसार 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

गैरसमज : 60 दिवस उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली.
वस्तुस्थिती : कलम 45 मध्ये अशी मानीव परवानगी आहे, पण नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. पालिकेने त्रुटी काढली असेल, तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात.

गैरसमज : नोटीस आली तरी रातोरात स्लॅब भरा, झालेलं कोण पाडतंय?
वस्तुस्थिती : काम थांबवण्याची नोटीस धुडकावणं हा कलम 54 खाली गुन्हा आहे. पाडण्याची नोटीस आली, तर कलम 53 नुसार तिच्यात दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. रस्ता, पदपथ किंवा कऱ्हेसारख्या नदीच्या पात्रातलं अतिक्रमण असेल, तर हे संरक्षण नाही.

गैरसमज : घरपट्टी लागली, म्हणजे बांधकाम कायम झालं.
वस्तुस्थिती : घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, बांधकाम परवाना नव्हे.

मंजूर नकाशाची प्रत जागेवर ठेवा. पाहणीच्या दिवशी आपल्या वास्तुविशारदाला बोलावून मोजमाप साहेबांसमोरच घ्या. गॅलरी खरंच पुढे आली असेल, तर सुधारित नकाशा तेव्हाच दाखल करणं स्लॅब तोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.